वादळाची भीती आणि फुजितांची झाडं

मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांना विचारा, कसली धास्ती वाटते? व्हिसाच्या खालोखाल उत्तर येतं ते विमान हलण्याचं. रात्री समुद्रावर गचके बसू लागले की आपण सगळेच खुर्चीचा हात घट्ट धरतो. ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. वादळांनी विमानं पाडली आहेत. पण कुठं, ते बघा.

२४ जून १९७५. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरता उतरता ईस्टर्न एअरलाइन्सचं ७२७ विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. ११३ माणसं गेली. वर गडगडाटी ढग होता. पण त्याच वादळातून थोडा वेळ आधी दुसरी विमानं सुखरूप उतरली होती. मग हेच का पडलं?

कोडं शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजितांकडे आलं. १९४५ मध्ये, पंचविशीही उलटली नव्हती तेव्हा, त्यांनी नागासाकीत बॉम्बनंतरची झाडं पाहिली होती: स्फोटाच्या बरोबर खालची उभी, भोवतालची बाहेरच्या दिशेनं आडवी. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या टोर्नेडोंची हवाई पाहणी करताना तशीच चांदणीसारखी पडलेली झाडं त्यांना दिसली. म्हणजे इथं वारा गरगरला नव्हता, वरून आदळून चहूकडे पसरला होता. मोरीत नळाची धार पडल्यावर पाणी पसरतं ना, तसा. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो, ते उचललं जातं. मग क्षणात तोच वारा पाठीमागून येतो आणि पंखांचा आधार जातो. जमीन जवळ, सावरायला वेळ नाही.

'असं काही नसतं' म्हणणारे जाणकार पुष्कळ होते. १९७८ च्या रडार-मोहिमेत पुरावा मिळाला. तरी १९८५ मध्ये डॅलसला आणखी १३७ जीव गेले, तेव्हा कुठं अमेरिकेत विमानांवर इशारा देणारी यंत्रं सक्तीची झाली. आम्हाला विचाराल तर वादळापेक्षा भीती वाटावी ती या दहा वर्षांची.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर मात्र गोष्ट निराळी. तिथं सावरायला जागा असते. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान म्यानमारवर ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली गेलं. विमान शाबूत राहिलं, बँकॉकला उतरलं. एक प्रवासी दगावला, कितीतरी जखमी झाले. प्राथमिक अहवालात नोंद आहे: पट्टे बांधायचा दिवा लागल्यापासून तो जोराचा हिसका बसेपर्यंत मध्ये ८ सेकंद होते.