छातीतील अनपेक्षित आयोडीन-ग्रहण

थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन-१३१ देऊन सर्वांगाचा स्कॅन काढतात. त्यात ध्यानीमनी नसताना छातीवर उमटलेला ठिपका किंवा पसरट छाया म्हणजे छातीतील अनपेक्षित आयोडीन-ग्रहण. पेण, रोह्याकडच्या रुग्णांना यासाठी मुंबई जवळची; परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे.

पहिली शंका फुप्फुसात रोग पसरल्याची येते, आणि ती रास्त आहे. तरुण रुग्णांत एक्स-रे स्वच्छ असतानाही दोन्ही फुप्फुसे स्कॅनवर उजळू शकतात. परंतु आयोडीन पेशीत ओढून घेणारे प्रथिन केवळ थायरॉइडमध्ये नसते. लाळग्रंथी, जठर आणि दूध येणारे स्तन यांतही ते असते. गिळलेली लाळ अन्ननलिकेत रेंगाळली तर छातीच्या मधोमध उभी रेघ दिसते. पाणी पाजून पुन्हा चित्र घेतले की ती बहुधा पुसली जाते. तरुणांत थायमस ग्रंथी, बाळंतिणीत स्तन, काहींत छातीत सरकलेला जठराचा भाग फसवतो. रुंदावलेल्या श्वासनलिका व क्षयाने ग्रासलेले फुप्फुसही आयोडीन धरून ठेवते; आपल्याकडे क्षयाचा इतिहास विचारल्यावाचून अहवाल लिहूच नये. कधी दोष निव्वळ लाळ लागलेल्या रुमालाचा किंवा पदराचा निघतो. म्हणून अंग पुसून, कपडे बदलून चित्र पुन्हा घेतात.

उरलेला ठिपका फुप्फुसात आहे, बरगडीत की कातडीवर, हे स्पेक्ट-सीटी या त्रिमित स्कॅनने कळते. जोडीला थायरॉइडच्या पेशी बनवतात ते थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन रक्तात किती आहे ते पाहतात. त्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात असतील तर कमी आकड्यावर विसंबता येत नाही. ही छाननी टाळून दुसरा डोस देणे धोक्याचे. फुप्फुसांत खरोखर पसरलेल्या रोगातही ४८ तासांनी शरीरात ८० मिलिक्युरीपेक्षा अधिक आयोडीन राहू नये, अशी मर्यादा फुप्फुसे जपण्यासाठी पाळतात.

उलटही घडते. शरीरात साधे आयोडीन जास्त असेल तर खरा डागही फिका पडतो. म्हणून आधी एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ आणि समुद्राची मासळी बंद असते. खाडीकाठच्या घरात सुकट सोडणे सोपे नाही. पेणचे पापडदेखील, त्यात मीठ कोणते हे कळेपर्यंत, डब्यातच ठेवावे लागतात.