आपली बोली, म्हणजे कोणती?

२०११च्या फेब्रुवारीतली गोष्ट. दोन दिवसांसाठी धुळ्याला घरी गेलो होतो आणि नेमके जनगणनेचे मास्तर दारात. ओट्यावर खुर्ची टाकली, चहा झाला आणि त्यांनी फॉर्म पुढे ओढला. नाव, नातं, वय, शिक्षण... सगळं मीच सांगत होतो. एका ठिकाणी मास्तर मान वर न करताच म्हणाले, "मातृभाषा मराठी, ना?" मीही विचार न करताच म्हणालो, "हो."

मोठी माय (म्हणजे माझी आजी) शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिने विचारलं, "काय इचारी राहिना तो?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मराठी ते मास्तरनी शे. आपली ते आपली बोली शे."

मास्तर हसले, मीही हसलो. तिच्याही रकान्यात मराठीच लागली.

मोठी मायला मराठी समजायची, पण बोलता येत नसे. पुण्याहून माझे मित्र घरी आले की ती जेवायला वाढायची, हसायची आणि गप्प राहायची. ऐंशी वर्षं जी भाषा बोलली ती तिने त्या दिवशी बरोबर सांगितली होती. फक्त नाव सांगितलं नाही. आणि ज्याला नाव माहीत होतं, त्याने ते सांगितलं नाही. २०१३ साली ती गेली. त्या रकान्याची आठवण मात्र अधूनमधून येत राहते.

खरं तर ते नाव मलाही उशिराच कळलं. शाळेत असताना आमच्या गल्लीत सगळेच तसं बोलायचे, त्यामुळे त्याला काही नाव असेल असं कधी वाटलंच नाही. जळगावला कॉलेजात गेलो तेव्हा खोलीत एक मुलगा होता फैजपूरकडचा. पहिल्याच दिवशी मी "मनं पुस्तक कोठे शे?" असं काहीतरी म्हणालो आणि तो ओरडला, "अरे, हा तर अहिराणी!" माझ्या भाषेचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, दुसऱ्याच्या तोंडून. मीही सोडलं नाही. तो 'आहे'ला 'हाये' म्हणायचा, त्याच्या बोलण्याला मी 'लेवांची' म्हणायला लागलो. त्याला ते नाव आवडायचं नाही. तो म्हणायचा, आम्ही तर साधंच बोलतो. (त्या बोलीला लेवा गणबोली म्हणतात. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या, त्यांची गाणी या बोलीतली. बाहेरचा माणूस मात्र त्यांना सरसकट 'अहिराणी कवयित्री' म्हणून मोकळा होतो.)

पुढे सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्याबद्दल वाचलं तेव्हा आमची ती खोली आठवली. ग्रियर्सन यांनी साऱ्या हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली. जिल्ह्याजिल्ह्यांतून भाषांची नावं मागवली आणि प्रत्येक भाषेत बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट लिहून घेतली. त्यांना अडचण काय आली, तर खेडेगावातल्या माणसाला स्वतःच्या भाषेचं नावच सांगता येईना! पन्नास मैलांवरचे लोक काय बोलतात त्याला तो चटकन नाव द्यायचा. पण आपलं बोलणं? त्याला कसलं नाव, ते तर नुसतं बरोबर बोलणं. मोठी माय काही वेगळं सांगत नव्हती.

जगभर हेच दिसतं. जर्मन माणूस आपल्या भाषेला 'डॉइच' म्हणतो. त्या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे 'लोकांची'. म्हणजे पाद्र्यांची लॅटिन ती वेगळी आणि आपली ही लोकांची. मास्तरनी आणि आपली! शेजारच्या स्लाव लोकांनी मात्र त्याच जर्मनांना जे नाव दिलं, ते 'मुका' या अर्थाच्या शब्दाशी जोडलं जातं. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो मुकाच. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्श लोक राहतात. 'वेल्श' हे नाव इंग्रजांच्या पूर्वजांनी दिलेलं, अर्थ 'परके'. स्वतःच्याच मुलखात परके. ते स्वतःला म्हणवतात 'कम्री', म्हणजे एका मुलखातले, आपले. आपल्याकडे संस्कृतात 'म्लेच्छ' हा शब्दही मुळात अस्पष्ट, न समजणारं बोलणाऱ्यासाठीच होता.

तर अहिराणी हे नाव कुठून आलं? सरळ उत्तर असं की अहिरांची ती अहिराणी, आणि अहीर म्हणजे जुने आभीर. गुरं राखणारे, पुढे राज्यही करणारे लोक. नाशिकच्या पांडवलेण्यात ईश्वरसेन नावाच्या आभीर राजाचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. सन २४८-४९पासून मोजला जाणारा आणि पुढे कलचुरी-चेदी म्हणून ओळखला गेलेला संवत् सुरू होण्याचा संबंध याच राजाशी जोडतात. एवढा मोठा माणूस आपल्या भाषेच्या नावामागे उभा आहे म्हटल्यावर माझी छाती जरा फुगली होती, खोटं कशाला बोलू.

पण गंमत पुढेच आहे. आज अहिराणी बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्वतःला अहीर म्हणवत नाहीत. अहीर सोनार आहेत, अहीर शिंपी आहेत, अहिरराव आडनाव आहे. पण कुणबी, माळी, न्हावी, बौद्ध, मुसलमान, भिल्ल... धुळ्याच्या बाजारात सगळेच ही भाषा बोलतात. लोकांचं नाव लोकांवरून गळून पडलं आणि भाषेला चिकटून राहिलं. फ्रेंचचंही असंच झालं. फ्रँक ही जर्मन कुळातली भाषा बोलणारी टोळी. त्यांनी राज्य केलं, नाव दिलं, पण त्यांची स्वतःची भाषा विरून गेली. आज फ्रेंच म्हणतात ती लॅटिनची लेक. बल्गेरियाचं नावही तुर्की वळणाची भाषा बोलणाऱ्या बल्गारांचं, आणि भाषा मात्र स्लाव.

आभीरांच्या बोलण्याला ग्रंथांत जागा मिळाली, तीही कशी पाहा. सातव्या शतकाच्या सुमाराला दंडीने 'काव्यादर्शा'त सांगितलं की काव्यात आभीर वगैरेंच्या भाषेला अपभ्रंश म्हणतात. अपभ्रंश म्हणजे घसरलेलं, मोडलेलं. आजची अहिराणी सरळ त्यातूनच आली असं मी म्हणत नाही, मधे हजारेक वर्षं गेली आहेत. पण कॉलेजात तोंडी परीक्षेला "माले" तोंडून निघून गेलं आणि समोरचे दोघं एकमेकांकडे पाहून हसले, तेव्हा मला जे वाटलं त्याला दंडीचा शब्द अगदी चपखल बसतो. त्या दिवसापासून मी घराबाहेर अहिराणी बोलणं बंद केलं. फैजपूरच्या मित्रानेही. पुढची तीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी पुस्तकी मराठीत बोललो. एकाच खोलीत!

भाषेचं दुसरं नाव 'खानदेशी'. तेही आमचं नाहीच. बऱ्हाणपूरच्या फारुकी राजांच्या 'खान' या किताबावरून मुलखाचं नाव खानदेश पडलं असं बहुतेक मानतात. (कान्हदेश, सेऊणदेश अशाही व्युत्पत्त्या सांगणारे आहेत. आमच्या धुळ्यात नावांच्या व्युत्पत्तीला तोटा नाही. इतिहासाचार्य राजवाडे शेवटी धुळ्यातच राहिले आणि त्यांचा 'नामादिशब्द व्युत्पत्तिकोश' इथल्याच राजवाडे संशोधन मंडळाने काढला.) १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि मुलखाचं नाव मुलगा दानियाल याच्यावरून 'दानदेश' ठेवलं. बादशहाचा हुकूम, पण नाव टिकलं नाही, लोक खानदेशच म्हणत राहिले. १९०६ साली इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम असे दोन खानदेश केले. महाराष्ट्र झाल्यावर त्यांचे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला. आज एकाही जिल्ह्याच्या नावात खानदेश उरलेला नाही.

पण जनगणनेच्या तक्त्यात तो आहे! अहिराणी सांगा नाहीतर खानदेशी, दोन्ही 'खानदेशी' या एका शीर्षकाखाली जातात. जगातल्या भाषांना संकेत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत मात्र अहिराणीला 'एएचआर' आणि खानदेशीला 'केएचएन' असे दोन वेगळे संकेत आहेत. म्हणजे तिथे मोठी माय दोन भाषा बोलते आणि आमच्या घरच्या फॉर्मवर एकही नाही.

या तक्त्याचं काम कसं चालतं तेही सांगतो. २०११ साली लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावं सांगितली. कुणी गावाचं नाव सांगतं, कुणी जातीचं. त्या नावांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा ठरल्या, १,४७४ नावं 'इतर'मध्ये गेली आणि शेवटी दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या १२१ भाषा उरल्या. या चाळणीत काय काय होतं! सातपुड्यातली पावरी आणि नवापूरकडची मावची 'भिली' या एका कोटीच्या वर आकडा असलेल्या शीर्षकात जातात. चाळीसगावकडच्या तांड्यावरचा माणूस आपल्या भाषेला गोरबोली म्हणतो, पण बंजारी आणि लमाणी ही नावं हिंदीच्या पोटात मोजली जातात.

आता खानदेशीचे आकडे पाहा. १९९१ साली ९ लाख ७३ हजार. २००१ साली २० लाख ७५ हजार. २०११ साली १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दुपटीच्या वर गेली आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी उतरली. एवढी माणसं जन्मत नाहीत आणि मरतही नाहीत. हा आकडा बोलणाऱ्यांचा नाहीच, नाव सांगणाऱ्यांचा आहे. त्या दोन लाखांतली नेमकी किती आमच्यासारख्या ओट्यांवर गळली कोण जाणे. आमच्या घरातली पाच मी सांगू शकतो.

यावर लगेच वाद निघतो, की अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा? ग्रियर्सन यांच्या पाहणीत मराठीचा खंड १९०५चा, खानदेशी त्यात नाही. ती १९०७च्या खंडात भिल्लांच्या भाषांबरोबर आहे. 'मना-तुना' गुजरातीच्या अंगाने जातं, 'शे' हे 'छे'च्या शेजारचं वाटतं, तर 'माले-तुले' वऱ्हाडातही ऐकू येतं. अहिराणी बोलणारे बरेच जण तिला मराठीच मानतात आणि त्यांना चूक ठरवणारा मी कोण? मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मलाही आनंद झाला. पण फॉर्मवरचा प्रश्न तो नव्हताच. जनगणनेत मातृभाषेची व्याख्या साधी आहे: लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. बस्स.

२०२१ची जनगणना कोविडमुळे लांबली. आता ती २०२७ची म्हणून ठरली आहे. परवा फोनवर मायला म्हटलं, या वेळी मातृभाषा अहिराणी सांगायची. ती म्हणाली, "मराठीच सांगी दे. सोपं पडस." मास्तरांना सोपं की आपल्याला, ते मी विचारलं नाही.

तिचं आणि माझं नाव या वेळी मी अहिराणीत घालणार आहे. प्रश्न माझ्या मुलीचा आहे. ती पुण्यात वाढली. आजी रागावली की काय म्हणते तेवढं तिला समजतं, उत्तर मराठीत देते. व्याख्येप्रमाणे तिच्या रकान्यात मराठीच लिहावं लागेल आणि या वेळी ते खरं असेल. ते खरं कुणी केलं, हे मला माहीत आहे.

मोठी मायच्या रकान्यात आता काही बदलता येत नाही. मास्तर या वेळीही घाईत असतील, "मराठी, ना?" असंच विचारतील. एवढंच ठरवलं आहे, की उत्तर देण्याआधी जरा थांबायचं.