हद्द कोणाची?

गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना लागणाऱ्या दरेकसा स्थानकाच्या हद्दीत कोणी आपले खोपटे बांधले, तर पुढच्या कामाच्या वेळी रेल्वे ते राखीलच असे नाही. संगणकातही अशीच हद्द असते.

१९७१ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत टॉम्प्सन आणि रिची यांच्या युनिक्सला मूळ डिस्क अपुरी पडली, तेव्हा वापरणाऱ्यांच्या 'यूएसआर' या कप्प्यात यंत्रणेचे प्रोग्रॅम शिरले. पुढे मूळचे रहिवासीच बाहेर पडले. (बिऱ्हाडकरूने घर बळकावण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही!)

मग वितरकाच्या पॅकेजमधून न आलेला, स्वतः बांधलेला प्रोग्रॅम ठेवावा कोठे? त्यासाठी 'यूएसआर'मध्येच 'लोकल' हा पोटकप्पा राखला गेला. लिनक्सच्या कप्प्यांचा पहिला आराखडा १४ फेब्रुवारी १९९४ रोजी निघाला. त्यातून वाढलेले मानक सांगते की, यंत्रणा अद्ययावत होताना 'लोकल'ला धक्का लागता कामा नये. डेबियनची पॅकेजेही तेथे फाइल ठेवीत नाहीत. आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणाली डेबियनवरच उभी आहे.

मात्र नाव पुकारताच संगणक बहुधा आधी 'लोकल'मध्ये शोधतो. म्हणून सुरक्षिततेची दुरुस्ती पॅकेजमधून येते खरी, पण चालते ती तेथे विसरलेली जुनीच प्रत.