गिटारच्या पॉलिशवरचे ओरखडे आणि टवके घरच्या घरी कसे दुरुस्त करायचे?

कॉलेजात असताना दादाच्या ॲकॉस्टिक गिटारवरचा स्टिकरचा चिकटपणा मी नेलपेंट रिमूव्हरने पुसला. दोन मिनिटांत तिथलं पॉलिश मऊ पडलं आणि माझ्या बोटांचे ठसे त्यात कायमचे उमटले. फिनिश कोणतं आहे हे मी तपासलंच नव्हतं. म्हणून सुरुवात तिथूनच करूया.

१. फिनिश ओळखा

आजच्या बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचं कडक फिनिश असतं. जुन्या आणि काही महागड्या गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर, तर हाताने बनवलेल्या काही क्लासिकल गिटारवर लाखेचं फ्रेंच पॉलिश सापडतं. पट्टा अडकवायचं बटण काढा आणि त्याखाली झाकलेल्या पॉलिशला कापसाच्या काडीने ॲसिटोनचा एक थेंब लावा. जागा चिकट झाली, तर इथेच थांबा आणि गिटार कारागिराकडे न्या. काहीच झालं नाही, तर फिनिश पॉली आहे, पुढे जा.

२. नुकसान किती खोल आहे?

खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च गिटारला जवळजवळ टेकवून आडवा धरा. ओरखडे लगेच उठून दिसतात. आता नख फिरवा. अडकलं नाही, तर ओरखडा वरवरचा आहे. लाकडालाच तडा गेला असेल, तर घरी हात लावू नका.

३. वरवरचा ओरखडा

सिलिकॉन नसलेलं बारीक पॉलिशिंग कंपाउंड मायक्रोफायबर कापडावर घ्या आणि हलक्या हाताने गोल फिरवा. मॅट फिनिशवर हे करू नका, तिथे चकचकीत डाग पडतो.

४. उडालेला टवका

- खिडकी उघडा, तारा सैल करा, खड्ड्यातली धूळ काढा.
- टूथपिकने पातळ इन्स्टंट ग्लूचा छोटा थेंब सोडा. सुकल्यावर पुढचा थेंब. भरण किंचित वर येईपर्यंत हेच करा आणि रात्रभर ठेवा.
- दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळा. मधल्या उघड्या धारेने फक्त उंचवटा खरवडा. टेपमुळे बाजूचं पॉलिश वाचतं.
- रबराच्या तुकड्यावर १००० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर लावून, अगदी थोडं पाणी घेऊन घासा. उघड्या लाकडाला पाणी लागू देऊ नका. शेवटी कंपाउंड.

सांडलेला ग्लू पुसू नका, पसरतो. सुकू द्या, मग खरवडा.

इथे घाई महागात पडते. गिटारची पुढची फळीच जेमतेम ३ मिलिमीटर जाड असते आणि पॉलिशचा थर त्याहून कितीतरी पातळ. जास्त घासलं की थेट लाकूड दिसतं. शंका असेल, तर ओरखडा राहू द्या, आवाज बिघडत नाही. दादाच्या गिटारवरचे ते ठसेही मी तसेच ठेवलेत.