मुरगळलेला पाय, दोन किनारे

दुबईत पाय मुरगळला की तुम्हालाही फोनवर आईचा सल्ला मिळतो: आंबेहळद-तुरटीचा गरम लेप. इथला डॉक्टर सांगतो बर्फ. ऐकायचं कोणाचं?

१९५१ साली दुबईत अल मक्तूम रुग्णालय सुरू झालं. त्याआधी या किनाऱ्यावर असा पाय ‘मुजब्बिर’ म्हणजे हाड बसवणाऱ्याच्या हाती जाई, आपल्याकडे हाडवैद्याच्या. बर्फाचा नियम तसा अलीकडचा. अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये ‘राइस’ हे सूत्र मांडलं: विश्रांती, बर्फ, दाबपट्टी, पाय उंच. पुढे त्यांनीच कबूल केलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे दुखापत भरून यायला उलट उशीर होऊ शकतो.

१९९२ च्या ‘ओटावा’ नियमांनी एक्स-रे कधी काढायचा तेही सोपं केलं. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर ठरावीक जागी दाबल्यावर दुखत असेल, तर काढायचा. एरवी एक-दोन दिवस जपा, मग झेपेल तेवढं चाला, एका पायावर तोल सांभाळायचा सराव करा. तो टाळला की पाय पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढते.

आईचा लेप? सूज ताजी असताना गरम नको. नंतर लावा, निदान आईला बरं वाटेल.