तालीम : एका शब्दाचे दोन अर्थ

उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे नाटकाची तालीम, नाहीतर पैलवानांची. शब्द एकच, अरबीतून आलेला. मराठीने त्यातला सराव धरून ठेवला : पुन्हा पुन्हा करायचे आणि अंगात मुरवायचे. आपल्या उर्दू शाळांत मात्र तालीम बहुतेक वेळा पुस्तकातच राहते. गॅदरिंग जवळ आले की काही पालक येऊन सांगतात, “सर, तकरीर ठेवा, नात ठेवा, ड्रामा नको. ते आपल्यात नाही.” हे ‘आपल्यात नाही’ इतिहासाला धरून आहे का, एवढेच इथे पाहायचे आहे.

जामिया मिल्लिया इस्लामियापासून सुरुवात करू. 1920 मध्ये अलीगढला स्थापन झालेली आणि 1925 मध्ये दिल्लीला आलेली ही संस्था. ती मुस्लिम समाजाने स्वतःच्या पैशावर आणि त्यागावर चालवली. डॉ. झाकिर हुसेन, डॉ. आबिद हुसेन आणि प्रा. मुहम्मद मुजीब हे तिघे जर्मनीत शिकून आले आणि तुटपुंज्या पगारावर तिथे राबले. त्यांपैकी दोघांनी नाटके लिहिली. आबिद हुसेन यांचे ‘पर्दा-ए-ग़फ़लत’ मुस्लिम घरांतल्या जुनाट रूढींवर आहे. मुजीबसाहेबांच्या ‘आज़माइश’चा विषय 1857 चा उठाव आहे. मुजीबसाहेब 1948 ते 1973 जामियाचे कुलगुरू होते. ज्या माणसाच्या हाती संस्था होती, त्याला नाटक लिहिण्यात कमीपणा वाटला नाही.

याच झाकिर हुसेन यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन होते. त्या योजनेला लोक ‘नई तालीम’ म्हणू लागले. मूल हाताने काम करते तेव्हा खरे शिकते, हा तिचा गाभा. म्हणजे तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ वर्ध्यात एकत्र आले होते.

आता 1954 कडे येऊ. रायपूरला जन्मलेल्या आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतलेल्या हबीब तनवीर यांनी त्या वर्षी ‘आगरा बाज़ार’ बसवले. नट कोण होते? जामियाचे विद्यार्थी, शिक्षक आणि शेजारच्या ओखला गावातले लोक. पुढे ‘चरणदास चोर’मुळे जगभर गाजलेल्या या दिग्दर्शकाचे पहिले मोठे नाटक असे शिक्षणसंस्थेच्या अंगणात उभे राहिले.

नाटक नज़ीर अकबराबादी यांच्यावर, पण नज़ीर स्वतः रंगमंचावर येतच नाहीत. बाजारात मंदी आहे. एका काकडीवाल्याला वाटते, काकडीवर कुणी कविता करून दिली तर माल खपेल. तो शायरांच्या विनवण्या करतो, पण कुणी दाद देत नाही. एका बाजूला पुस्तकाचे दुकान, तिथे विद्वान बसून नज़ीरना नावे ठेवतात. दुसऱ्या बाजूला पतंगाचे दुकान, तिथे नज़ीरचे चाहते जमतात. शेवटी काकडीवाला नज़ीरकडे जातो आणि त्याला कविता मिळते.

खरे नज़ीरही पोटासाठी मुलांना शिकवत. ईद, शबेबरात, होळी, दिवाळी, तिळाचे लाडू, रोटी अशा सगळ्यांवर त्यांनी लिहिले. बाजारी लोकांच्या तोंडी ज्याची कविता, तो कसला शायर, असे शेफ़्ता यांच्यासारख्या जाणकारांचे मत होते. पण कागदावर ज्यांना जागा मिळाली नाही, त्या नज़ीरना लोकांच्या तोंडाने जिवंत ठेवले. पाठांतर आणि सादरीकरण यांची ताकद याहून वेगळी काय सांगायची?

आणि नाटक आपल्या शाळांतही आहे, फक्त त्याचे नाव वेगळे आहे. तमसीली मुशायरा आठवा. कुणी ग़ालिब होतो, कुणी ज़ौक़, कुणी मोमिन. टोपी, अंगरखा, समोर शमा. मिर्ज़ा फ़रहतुल्लाह बेग यांनी ‘दिल्ली की आख़री शमा’मध्ये असाच एक मुशायरा कल्पनेने रंगवला होता. मुलींच्या शाळांत मुली दाढी लावून ग़ालिब होतात, तेव्हा कुणी हरकत घेत नाही. मग हेच विद्यार्थी पाठ्यपुस्तकातली एकांकिका उभी करू लागले की ती हराम कशी होते?

वर्गातला अनुभवही हेच सांगतो. ‘क़ाफ़’ आणि ‘काफ़’ यांतला फरक फळ्यावर दहा वेळा लिहून कळत नाही. संवादात एकदा चुकला आणि वर्ग हसला की पक्का बसतो. मराठीच्या तासाला ‘च’चे दोन उच्चार असेच जिभेवर येतात. घरी उर्दू, रस्त्यावर दखनी, परीक्षेत मराठी अशी कसरत करणारी आपली मुलं मुलाखतीत गप्प बसतात. त्यांना येत नसते असे नाही. चार लोकांसमोर उभे राहून बोलायची तालीम त्यांना कुणी दिलेली नसते.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने संगीत, नृत्य, चित्रकला यांच्याबरोबर नाट्यही दहावीपर्यंत हवे, असे म्हटले. त्यासाठी पडदे आणि लाइट लागत नाहीत. आठवड्यातला एक तास, पुस्तकातलाच एक पाठ आणि बाके मागे सरकवून मोकळी केलेली जागा पुरते. विषय कोणते घ्यायचे, कपडे कसे असावेत, हे पालकांशी बसून ठरवता येईल. त्यांच्या काळज्या खऱ्या आहेत, त्यांवर बोलायलाच हवे. पण ‘आपल्यात नाही’ हे उत्तर तेवढे आता पुरे.