काटकोनाची दोरी : शुल्बसूत्रांपासून धामणकर नाक्यापर्यंत

महोत्सवाच्या प्रसंगीं देवमंदिराच्या मनोऱ्याकडे, घंटेकडे व वेदीकडे सर्वांचें लक्ष जातें. परंतु ज्या चार कोपऱ्यांवर हें सारें उभें असतें, त्यांचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. मोकळ्या जमिनीवर दोरी व खुंट्या यांच्या साहाय्यानें बिनचूक आयत आखणें ही विद्या वरवर लहान दिसते. तथापि तिच्यामागें कित्येक सहस्रकांचा अनुभव आहे, आणि तिची हेळसांड झाल्यास गरीब कुटुंबाचें नुकसान होतें. म्हणून तिचा थोडा परिचय वाचकांस करून देणें उचित होय.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस शलमोन राजाच्या मंदिराचीं मापें ठाऊकच आहेत. राजांच्या पहिल्या ग्रंथांत तें मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद व ३० हात उंच सांगितलें असून, त्यांतील परमपवित्रस्थान लांबीरुंदीनें २० हात चौरस होतें. अशी मापें लिहिणें सोपें; पण तीं जमिनीवर उतरवितांना कोपरा काटकोनांत आहे हें कशावरून ठरवावयाचें?

आपल्या देशांत ह्या प्रश्नाचें उत्तर शुल्बसूत्रांनीं दिलें. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदीची रचना सांगणाऱ्या ह्या ग्रंथांपैकीं बौधायनाचा ग्रंथ सर्वांत प्राचीन मानितात. आयताच्या कर्णावर काढलेल्या चौरसाचें क्षेत्र त्याच्या दोन बाजूंवरील चौरसांच्या क्षेत्रांइतकें असतें, हा नियम त्यांत स्पष्ट आहे. शिवाय ३ व ४, ५ व १२, ८ व १५, ७ व २४ अशा बाजूंच्या जोड्याही दिल्या आहेत. बाबिलोनच्या लोकांनीं अशाच संख्या सुमारें ३,८०० वर्षांपूर्वीं मातीच्या फलकावर कोरून ठेविल्या होत्या. तात्पर्य, पायथागोरसाच्या नांवानें शाळेंत शिकविला जाणारा सिद्धांत त्याच्या पूर्वींच अनेकांस ठाऊक होता.

ह्या नियमाचा प्रत्यक्ष उपयोग महावेदीच्या आखणींत दिसतो. ही वेदी ३६ पावलें लांब, पश्चिमेस ३० व पूर्वेस २४ पावलें रुंद असे. आपस्तंब सांगतो तें असें : पूर्वपश्चिम रेषेवर ३६ पावलांच्या अंतरानें दोन खुंट्या ठोकाव्या. ५४ पावलें लांबीची दोरी घेऊन तिचीं टोंकें त्या खुंट्यांस बांधावीं आणि पश्चिमेच्या टोंकापासून १५ पावलांवर खूण करावी. ती खूण धरून दोरी बाजूस ताणली कीं एक भाग १५ व दुसरा ३९ पावलांचा होतो. १५ चा वर्ग २२५, ३६ चा वर्ग १,२९६. बेरीज १,५२१, आणि हाच ३९ चा वर्ग. म्हणून पश्चिमेच्या खुंटीपाशीं काटकोन झालाच पाहिजे, आणि खूण जेथें टेकते तेथें वेदीचा कोपरा येतो. कोणतेंही यंत्र नाहीं, एक दोरी मात्र पुरे.

पुढें भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या आपल्या ‘लीलावती’ ग्रंथांत ३, ४ व ५ हें त्रिकूट उदाहरणादाखल दिलें. त्याच ग्रंथाच्या आरंभीं २४ अंगुळांचा एक हात व ४ हातांचा एक दंड हें कोष्टक आहे. खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथें त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यानें तेथें मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे.

उत्तर कोंकणांतील आपल्या लोकांनीं ह्या विद्येचें दुसरें रूप वसईंत पाहिलें. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती जिंकली. दरम्यानच्या दोन शतकांत किल्ल्यांत जीं ख्रिस्तमंदिरें उठलीं, त्यांच्या भिंती आजही लांबट आयताची आकृती दाखवीत उभ्या आहेत.

इंग्रजी अमलांत जमिनीची मोजणी साखळीनें होऊं लागली. मुंबई इलाख्यांतील साखळी ३३ फूट लांब व तिचे १६ आणे असत. ३३ फूट चौरस जागा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. साखळीवर लंब काढण्यासाठीं शंकूचा उपयोग करीत, म्हणून ह्या रीतीस शंकुसाखळी म्हणत.

आतां गवंड्याची रीत पाहूं. प्रथम तो एक बाजू पक्की धरून सूत ताणतो. कोपऱ्याच्या खुंटीपासून तीवर ३ फुटांवर व दुसऱ्या सुतावर ४ फुटांवर खूण करतो. दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दुसरें सूत सरकवितो. काम मोठें असेल तर ६, ८, १० किंवा ९, १२, १५ हीं मापें घ्यावीं. कारण लहान त्रिकोणांतील पाव इंचाची चूक लांब भिंतीच्या टोंकाशीं कित्येक पटींनीं वाढते. हातांतला गुण्या दगडविटांच्या कोपऱ्यास ठीक. पण सबंध घराच्या आखणीस तो पुरत नाहीं. शेवटीं समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत हें पाहून दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे आले तरच आकृति आयत होय.

केवळ बाजू मोजून समाधान मानणें किती महाग पडतें, तें एका उदाहरणावरून कळेल. ५० फूट व २५ फूट बाजूंचा भूखंड १,२५० चौरस फुटांचा, असें सांगून विकला. परंतु आखूड बाजू ७ फूट कलती असेल तर खरी रुंदी २४ फूटच राहते आणि क्षेत्र १,२०० चौरस फूट भरतें. घेणाऱ्याचे ५० चौरस फूट गेले, आणि चारही बाजूंचीं मापें तर खरींच! कर्ण मात्र लबाडी लपवीत नाहींत : एक सुमारें ६२ फूट, तर दुसरा सुमारें ४९ फूट येतो. अशा वांकड्या पायावर घर बांधल्यास छपराच्या कैच्या सरळ बसत नाहींत, कौलांच्या ओळी तिरप्या जातात, आणि शेवटची फरशी पाचरीसारखी कापावी लागते.

भिवंडी हें मागवाल्यांचें नगर. उभ्या धाग्यास आडवा धागा काटकोनांत भेटला तरच कापड सरळ उतरतें, हें तेथील कारागिरास सांगावें लागत नाहीं. त्याच भिवंडींत धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडांत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे जिलानी नांवाची तीन मजली इमारत कोसळली आणि ३८ हून अधिक झोपलेलीं माणसें प्राणांस मुकलीं. काटकोन चुकला म्हणून ती पडली असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. इमारत टिकते ती पाया, माल, लोखंड, भार व वेळोवेळची तपासणी ह्या सर्वांच्या योगें. परंतु जेथें पहिली खुंटी तपासून ठोकण्याची संवय असते, तेथें खांबाचें लोखंड मोजण्याची व भिंतीची भेग वेळींच पाहण्याचीही संवय लागते. हयगय मात्र एका ठिकाणीं शिरली कीं दुसरीकडे जावयास तिला वाट लागत नाहीं.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति कीं, आपल्या घराचें, शाळेचें किंवा सभागृहाचें काम निघेल तेव्हां पाया खणण्यापूर्वीं स्वतः तेथें जावें, फितीचें एक टोंक गवंड्याच्या हातीं द्यावें, दुसरें आपण धरावें, आणि दोन्ही कर्ण मोजून कागदावर लिहून ठेवावे. ह्यास अर्धी घटकाही लागत नाहीं.